वेळेचा रकाना

मी लिहावं असं माझ्यात काही नाही, हे आधीच कबूल करतो. चेन्नईतल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी लिहिणारी माणसं बँकेतली, रेल्वेतली, मोठ्या हुद्द्यांवरची. त्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं आहेत. आमच्या घरी छापील असं काही असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि बाबांना कारखान्यातून मिळालेली सुरक्षेच्या नियमांची पुस्तिका. माझी शाळा इंग्रजीत झाली, खेळणं-भांडणं तमिळमध्ये झालं, आणि मराठी लिहायला मी शिकलो ते आईची पत्रं लिहून देता देता. ती भाजी चिरत सांगायची आणि मी जळगावच्या मावशीला लिहायचो. त्यामुळे अजूनही कागद समोर आला की माझा हात आधी ‘तीर्थरूप’ लिहू बघतो. संपादक काकूंनी दोनदा विचारलं, तेव्हा दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, आणि नेमका तेव्हाच मार्गळी महिना लागला. म्हणून लिहितो आहे. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मार्गळी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंतचा, आपल्या संक्रांतीपर्यंतचा महिना. इथला मोठा पाऊस तेव्हा नुकताच ओसरलेला असतो. चेन्नईत थंडी म्हणजे पंखा एका आकड्यावर आणणं, एवढंच. पण लोक कानटोप्या काढतात. पहाटे देवळाचा कर्णा सुरू होतो, बायका दारासमोर पाणी शिंपडून पिठाची रांगोळी, कोलम, काढतात, आणि मी पूनमल्लीच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा असतो. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पहिली पाळी. बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले. परवा रस्त्याकडेच्या तळ्यावरून बदकांचा एक थवा उठला आणि बसच्या बरोबरीने थोडा वेळ उडत राहिला. माझी बोटं मांडीवर आपोआप चालू लागली. दहा, त्याच्या मागे दहा, त्याच्या मागे...

शेजारचा सेल्वम एक डोळा उघडून म्हणाला, “काय मोजतोस रे? उरलेल्या सुट्ट्या?”

मी हात खिशात घातले. थवा तोवर मागे पडला होता.

मी तीन वर्षं जे शिकलो त्याचं नाव वन्यजीव परिसंस्था आणि व्यवस्थापन. हे नाव पूर्ण सांगेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. इंजिनिअरिंगला माझे गुण कमी पडले होते, आणि तांबरमच्या बाजूच्या एका कॉलेजात हा अभ्यासक्रम नवा निघाला होता. वर्गात आम्ही बाराजण. बाबा चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात फिटर. खानदेशातून बदली होऊन आलेले, शिक्षण आठवी. त्यांनी क्वार्टर्समध्ये सगळ्यांना सांगून टाकलं की पोरगा जंगल खात्यात साहेब होणार. खाकी कपडे, जीप, दारात शिपाई. मीही पहिलं वर्षभर जवळजवळ तसंच समजत होतो. वाघ तीन वर्षांत एकदाही दिसला नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात त्याच्या पंजाचा प्लास्टरचा ठसा होता, तेवढाच.

पहिल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईने विचारलं, “काय शिकवलं रे आतापर्यंत?”

“लेंड्या ओळखायला. हरणाची कुठली, सशाची कुठली.”

आई हसायला लागली ती थांबेचना. “अरे, एवढ्यासाठी कॉलेजात कशाला घातलं? तुझ्या मामाकडे पाठवला असता. त्यांच्या गोठ्यात दोन महिन्यांत पदवी मिळाली असती.”

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, “सुरुवात खालूनच करावी लागते.”

एका जागेत किती जीव धड जगू शकतात, हे आमच्या विभागाच्या मॅडमनी शिकवलं तेव्हा मला आमचं दीड खोलीचं क्वार्टर आठवलं. आम्ही पाचजण होतो आणि गावाकडून कोणी ना कोणी कायम आलेलं असायचं. त्या तासाला मी मन लावून ऐकलं. बाकीच्या तासांना खरं सांगायचं तर झोप यायची. तिसऱ्या वर्षीच्या त्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ती झोप. वर्गात, बसमध्ये, मेसमध्ये इडली हातात धरून. डोळ्यांत वाळू घातल्यासारखं वाटायचं. पायांना सतत ओलसर वास यायचा, कारण बाबांनी कारखान्यातले त्यांचे जाड बूट मला दिले होते. ते मला एका मापाने मोठे होते, आणि एकदा पाणी आत शिरलं की संध्याकाळपर्यंत बाहेर यायचं नाही.

पाणी कुठलं, तर पेरुंगुडीच्या मागच्या पाणथळीचं. तेव्हा तिकडे काचेच्या इमारती नुकत्याच वर येत होत्या. एका अंगाला त्या, दुसऱ्या अंगाला कचऱ्याचा डोंगर, त्याच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून निघणारा धूर, आणि या दोघांच्या मध्ये गुडघाभर पाणी, लव्हाळं, आणि पक्षी. इतके पक्षी की पहिल्या दिवशी मी मॅडमना विचारलं, यांना वास येत नाही का? मॅडम म्हणाल्या, “त्यांना जायला दुसरी जागा दाखव, मग विचारू.”

मॅडम तमिळ, पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या. आमच्याशी इंग्रजीत बोलायच्या आणि रागावल्या की तमिळमध्ये. त्या वर्षी त्यांना एक अहवाल द्यायचा होता. पाणथळीचे कुठले तुकडे तसेच ठेवायचे आणि कुठले भरून जमीन करायची हे ठरवायला एक समिती बसली होती. पाणथळीच्या मधून एक रस्ता जातो. उत्तरेच्या तुकड्याची माहिती इतरांनीही गोळा केली होती. दक्षिणेचा तुकडा लहान, आडबाजूचा. त्याच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. त्याचे आकडे असतील तर फक्त आमचे. हेच माझं शेवटच्या वर्षाचं प्रकल्पाचं कामही ठरलं. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “त्या तुकड्याच्या बाजूने बोलायला फक्त तुझी वही आहे.” असं वाक्य मला तोवर कोणी बोललं नव्हतं. मी त्या दिवशी नवी वही घेतली. जाड पुठ्ठ्याची, आखीव.

मोजण्याची रीत सांगतो, कारण पुढचं तिच्यावरच आहे. थव्यातला एकेक पक्षी मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, ते डोळ्यांत केवढी जागा व्यापतात ते पाहायचं, आणि मग तेवढा तुकडा मनातल्या मनात थव्यावर ठेवत ठेवत पुढे जायचं. माझी आई मुठीने तांदूळ मोजते, तसं. दक्षिणेला मी मोजायचो आणि रस्त्यापलीकडे उत्तरेला रावकाका. सकाळी साडेसहाला दोघांनी एकदम सुरुवात करायची. अडचण एकच होती. सातच्या सुमाराला कचऱ्याची पहिली गाडी रस्त्यावरून भोंगा वाजवत यायची, आणि माझ्या बाजूची तलवार बदकं एकदम उठून रस्ता ओलांडून काकांच्या बाजूला उतरायची. मी ती उठण्याआधी मोजली आणि काकांनी उतरल्यावर मोजली, तर तेच पक्षी दोनदा. म्हणून वहीत एक रकाना वेळेचा. कुठली मोजणी किती वाजता केली, थवा किती वाजता उठला. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की दोनदा आलेले वजा करता यायचे.

रावकाका आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. तंजावरचे मराठी, त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं की महाराष्ट्र त्यांनी पाहिलाही नव्हता. पहिल्यांदा ते माझ्याशी मराठीत बोलले तेव्हा मला वाटलं, आईच्या पोथीतलं कोणीतरी बोलतंय. ‘सगळं’ला ते ‘अस्कें’ म्हणायचे. “अस्के पक्षी मोजलास कीं?” असं रस्त्यापलीकडून ओरडायचे, आणि चाल तमिळ, वर चढत जाणारी. माझ्या मराठीला ते हसायचे, मी त्यांच्या. दहावीच्या पुढे ते शिकले नव्हते, पण थव्याकडे एकदा बघून आकडा सांगायचे आणि तो आमच्या सगळ्यांपेक्षा बरोबर निघायचा. नोंदी करायला ते बसची तिकिटं वापरायचे. पाठीमागे बारीक पेन्सिलीने आकडा आणि वेळ. ती तिकिटं रबर लावून डब्यात. मला ते फार गबाळं वाटायचं.

आणि मुनियम्मा. दक्षिणेच्या तुकड्याच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायची. तिच्या तीन म्हशी त्या पाण्यात दिवसभर बसलेल्या असायच्या, त्यांच्या पाठीवर गायबगळे. ती लव्हाळं कापायची, दूध घालायची, आणि मला तंबी, म्हणजे धाकट्या भावा, म्हणत छळायची.

“तंबी, आज किती?”

“अजून मोजतोय, अक्का.”

“रोज तेच पक्षी, रोज मोजतोस. काल मोजलेले काल लिहून ठेवले नाहीस का?”

मी दुर्बीण डोळ्यांवरून न काढता हसायचो. मग ती जवळ येऊन बसायची. “माझ्या तिघींना पण लिही वहीत.”

“म्हशी वन्यजीवांत येत नाहीत, अक्का.”

“का? त्या काय कलेक्टर आहेत?”

ती काळा चहा आणून द्यायची. तीन म्हशी दारात असून दूध नाही, कारण दूध घरोघरी गेलेलं असायचं. पक्ष्यांची तमिळ नावं मला तिने शिकवली. लॅटिन नावं मी परीक्षेसाठी पाठ करत होतो; मराठी नावं मला नंतर, नोकरी लागल्यावर, मंडळाच्या कपाटातल्या एका फाटक्या पुस्तकात सापडली. शेकाट्या. मोर शराटी. चित्रबलाक. इतकी सुंदर नावं आपल्या भाषेत होती आणि ते पक्षी मी अख्खा हिवाळा पाहिले तेव्हा मला ती माहीत नव्हती, याचं मला अजून कसंतरी वाटतं. ओळखीच्या माणसाला वर्षभर ‘अहो’ म्हणत राहावं आणि तो गेल्यावर त्याचं नाव कळावं, तसं.

एका सकाळी मुनियम्माने चहा आणला नाही. तुकड्याच्या कडेने लाल कापडं बांधलेल्या काठ्या रोवलेल्या होत्या. जमिनीची मोजणी करणारे येऊन गेले होते.

“हे भरणार का, तंबी?”

“अजून ठरलं नाही. माझी वही जाणार आहे तिकडे.”

“मग जास्त लिही की. कोण बघायला येतंय चिखलात?”

“तसं लिहिता येत नाही, अक्का.”

“भित्रा आहेस तू,” ती म्हणाली, आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला पाण्यात ढकललं. म्हैस हलली नाही. मुनियम्मा बराच वेळ तिथेच हात ठेवून उभी राहिली.

आता माझी चूक सांगतो. ती आळसाने झाली नाही. आळसाने झाली असती तर मला कमी लागली असती.

शाळेत प्रयोगाच्या दोन वह्या असायच्या. कच्ची आणि पक्की. कच्चीत खाडाखोड चालायची, पक्कीला गुण असायचे. आमचे शास्त्राचे सर रिकाम्या चौकटीला अर्धा गुण कापायचे. माझं अक्षर चांगलं. बाबा माझी पक्की वही शेजाऱ्यांना दाखवायचे. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचता यायचं नाही, पण ओळी सरळ आहेत हे कळायचं. “छापल्यासारखं आहे,” असं ते म्हणायचे, आणि मी आयुष्यात जे काही झालो ते त्या वाक्यासाठी झालो असं मला कधीकधी वाटतं.

पाणथळीवर एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात पेन्सिल. भोंगा वाजला, थवा उठला की माणूस बघतच राहतो. शेकडो पंखांचा आवाज म्हणजे कोणीतरी मोठी सतरंजी झटकल्यासारखा. त्या क्षणी घड्याळ कोण बघतो? मी बाण काढायचो, ‘उठले’ असं लिहायचो, पुढे मोजत जायचो. वेळ नंतर भरू, असं ठरवून. चिखलाचे ठसे, चहाचे डाग, एकावर एक लिहिलेले आकडे. रात्रीच्या जेवणाआधी हॉस्टेलच्या टेबलावर मी ते सगळं आखीव वहीत उतरवायचो. पक्ष्यांची नावं वर्णानुक्रमे, आकडे एका रेषेत. वेळेचा रकाना रिकामा बरा दिसत नव्हता. गाडी सातनंतर थोड्या वेळाने येते, हे मला माहीत होतं. मी सात दहा लिहिलं. दुसऱ्या दिवशीही सात दहा. आणि कच्ची पानं, पक्की झाल्यावर त्यांचं काय काम, म्हणून चुरगाळून बाबांच्या बुटांत कोंबायचो. ओले बूट कागदाने लवकर वाळतात.

पोंगल झाला. पाणी उतरायला लागलं. मी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली तेव्हा मला वाटलं होतं, त्या वर्गात उचलून दाखवतील.

“अक्षर सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. पानं उलटत गेल्या. मग चष्मा कपाळावर चढवून एका रकान्यावरून बोट खाली नेलं. अकरा सकाळी, अकरा वेळा सात दहा.

“बदकं घड्याळ बघून उठतात का?”

“कचऱ्याची गाडी साधारण त्याच वेळी येते, मॅडम.”

“साधारण,” त्या म्हणाल्या. “कच्ची वही आण.”

“नाही ती. उतरवून झाल्यावर फेकली.”

मॅडमनी डोळे मिटले. रागावल्या असत्या तर तमिळमध्ये बोलल्या असत्या, पण त्या इंग्रजीतच, अगदी हळू म्हणाल्या, “पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं? पेन्सिल, खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. कच्च्या वहीत वेळ नसली तरी क्रम असतो. आधी काय पाहिलंस, मग काय. त्यावरून काहीतरी काढता आलं असतं. तू सगळं नीटनेटकं केलंस.”

मी पळत हॉस्टेलला गेलो. बुटांतून कागद काढले. लगदा झाला होता. एका तुकड्यावर बाणाचं टोक दिसत होतं, पण कुठून कुठे ते नाही.

परत आलो तेव्हा रावकाका सिंकवर काचेच्या बरण्या धूत होते. त्यांच्या तिकिटांची गड्डी मॅडमच्या टेबलावर सोडून ठेवलेली होती. बदकं त्यांच्याकडे कधी सहा पंचावन्नला उतरलेली, कधी सात वीसला. प्रत्येक तिकिटावर वेगळी वेळ.

“पुन्हा मोजू का, मॅडम?”

“आता जे दिसतील ते उरलेले. हंगाम गेला. अहवाल शुक्रवारी जायचा आहे.” त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. “एक सांग. या वेळा तू पाहिल्या होत्यास का? पुढेमागे होतं, काकांचं घड्याळही चुकत असेल. तू पाहिल्या म्हणालास तर मी विश्वास ठेवेन आणि हे आकडे जातील. तू नाही म्हणालास तर त्या तुकड्यासमोर मला काही लिहिता येणार नाही.”

बरण्यांचा आवाज थांबला होता. मला त्या क्षणी कुठलीही मोठी गोष्ट आठवली नाही. लाल कापडाच्या काठ्या आठवल्या, आणि ‘जास्त लिही की’ म्हणणारा तो आवाज. हो म्हणणं फार सोपं होतं. अर्धं तर ते खरंही होतं.

“नाही मॅडम. अंदाजाने भरल्या.”

त्यांनी मान हलवली. पट्टी घेतली, पेन्सिल घेतली, आणि माझ्या आकड्यांवरून एकच सरळ रेघ ओढली. खालचं सगळं वाचता येईल अशी. मग म्हणाल्या, “जा. पाणी पी.”

सिंकपाशी काकांनी मला पेला भरून दिला. “माझें तिकिट बघून तरी लिहायचें होतेंस, वेड्या,” ते पुटपुटले, आणि पुन्हा बरणी घासायला लागले.

मुनियम्माला सांगायला मी चार दिवसांनी गेलो. ती म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं की माझे आकडे रद्द झाले.

“कमी लिहिलंस?”

“जास्त. चुकून. तीच बदकं दोनदा.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की म्हैस दचकून बाजूला झाली. “मी सांगितलं तेव्हा लिहिलं नाहीस, मग चुकून लिहिलंस, आणि वर स्वतःच जाऊन सांगून आलास! तुला कॉलेजात कोणी घेतलं रे?” पदराने डोळे पुसून ती पुन्हा गोचिड्या काढायला लागली. थोड्या वेळाने खाली बघतच म्हणाली, “मग आता?”

“कुठले तुकडे ठेवायचे त्याची समितीची यादी येईल तेव्हा कळेल.”

“कधी येईल?”

मला माहीत नव्हतं. त्यानंतर मी तिला भेटलो नाही. भेटायला पाहिजे होतं.

माझा प्रकल्प आकड्यांशिवाय, नुसत्या पक्ष्यांच्या नावांची यादी म्हणून मंजूर झाला आणि मी कसाबसा पास झालो. पदवीदानाला बाबा कारखान्यातून अर्धी रजा काढून आले, कोऱ्या शर्टात. जंगल खात्याची परीक्षा दोनदा दिली. दोन्ही वेळा यादीत नाव नव्हतं. बाबांनी जीपबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले, “कंपनीत पण साहेब असतात.” मी गुणवत्ता तपासणीला लागलो. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या. दर तासाला पाच उचलायच्या, मोजायच्या, तक्त्यात वेळ आणि माप लिहायचं.

पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं की पाळी संपताना सेल्वम एका दमात आठही चौकटी भरतो. एकच पेन, एकच तिरका हात, बरोबर तासा-तासाच्या अंतराने. मला हसू आलं आणि मग सात दहा आठवलं. मी म्हणालो, “राहिलेली चौकट रिकामी ठेव की.” सेल्वम म्हणाला, “रिकामी दिसली तर मला विचारतील. भरलेलीला कोणी काही विचारत नाही.” त्याचं खरं आहे. माझे तक्ते अधूनमधून रिकामे असतात. वरिष्ठ मला बोलावतात, मी सांगतो की त्या तासाला मी दुसऱ्या मशिनवर होतो. ते सुस्कारा सोडतात. मीही दमलोय याला, पण दुसरं काही जमत नाही.

या सगळ्या वर्षांत पाणथळीची ती यादी आली नाही. समिती बदलली, पुन्हा बसली, मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे परगावी गेल्या. मी पेपरात शोधायचो. रावकाकांना पोंगलला फोन करायचो. आधी तब्येत, मग यादी. एकदा कामासाठी पेरुंगुडीला जावं लागलं तेव्हा मुद्दाम त्या रस्त्याने गेलो, पण दोन्ही बाजूंना उंच निळे पत्रे ठोकलेले होते आणि बसच्या खिडकीतून त्यांच्या वरचं काही दिसत नव्हतं. धुराचा वास तेवढा तोच होता. मला वाटत राहिलं की पत्र्यांच्या मागे आता मुरूम असेल, आणि तो मी टाकला आहे. आठवड्यात कुठल्याही वेळी, दात घासताना, बिजागरी हातात असताना, मॅडमचा प्रश्न यायचा. या वेळा तू पाहिल्या होत्यास का? आणि मी प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचो, पण प्रत्येक वेळी आधी थांबायचो. खरं बोलल्याचा अभिमान वगैरे काही वाटला नाही. खरं बोलल्याने दुसऱ्याच कोणाचं घर जाणार असेल तर अभिमान कसला वाटणार. हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही. बाबा हा अंक वाचणार नाहीत. आई कोणाकडून तरी वाचून घेईल बहुतेक.

गेल्या रविवारी दुपारी फोन वाजला. रावकाका. पोंगलची वाट न बघता त्यांनी स्वतः फोन केला, तेव्हाच मी पलंगावर उठून बसलो.

“यादी आली रे पोरा,” ते म्हणाले. “दक्षिणेचा तुकडा अस्का ठेवलें. भरणार नाहींत.”

मी विचारलं, “पक्ष्यांसाठी?”

“पक्ष्यांचें कोण विचारलें? तो भाग खालीं आहे. भरला तर पाऊसाचें पाणी त्या कांचेच्या इमारतींत शिरेल म्हणून इंजिनियर लिहिला. मॅडमचा अहवाल जोडले आहेत पाठीमागें. आपल्या तुकड्यासमोर ‘माहिती नाहीं’ असें आहे.”

“आणि मुनियम्मा? तिला कळलं का, काका?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काका ती थांबेपर्यंत थांबले.

“तिला आधींच कळलें. जागा राखायची म्हणून चारी बाजूंनीं कुंपण घातलें. जनावर आंत सोडूं नये म्हणून पाटी लावले. तिन्ही म्हशी दिवाळीच्या आंत विकली ती.”